उपरण्याखालचा हात

मी परदेशी निघाले त्या दिवशी तात्या बैलबाजारातून सरळ नाशिकच्या महामार्ग स्टँडवर आले होते. तात्या म्हणजे माझे वडील, बैलांचे दलाल. बाजाराचा वार होता आणि तो त्यांनी बुडवला नव्हता, मला त्याचाच राग आला होता. पोरगी सातासमुद्रापार चाललीये आणि बापाच्या धोतरावर शेणाचे शिंतोडे, टोपीवर गुलाल. माझ्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी मुद्दाम सोडायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर मला कसंनुसं झालं. हे लिहितानाही लाज वाटते, पण झालं होतं.

धाकटा भाऊ योगेश बॅगा डिकीत चढवत होता. तात्या माझ्याजवळ आले. मग म्हणाले, "नीट जाय." एवढंच. मग खांद्यावरचं उपरणं काढलं, माझ्या उजव्या हातावर टाकलं आणि खालून आपला हात घालून माझी दोन बोटं धरली. दाबली. मला वाटलं अंगाऱ्याची पुडी देताहेत, आई असती तर तिनं तेच केलं असतं. पण हातात काहीच आलं नाही. नुसती बोटं धरून माझ्याकडे बघत उभे. आजूबाजूचे लोक बघायला लागले, एक मैत्रीण तोंडावर हात ठेवून हसली. मी हात ओढून घेतला. म्हटलं, "तात्या, बस सुटंल." त्यांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि बाजूला झाले. बस वळताना खिडकीतून पाहिलं तर योगेश एकटाच हात हलवत होता.

त्याला अकरा वर्षं झाली. मी राहते नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमहून रेल्वेनं अर्ध्या तासावर, उट्रेख्तला. सायकलवर ऑफिसला जाते, दुपारी थंडगार पाव-चीज खाते, आणि शुक्रवारी माझ्यासारख्याच तिकडे गेलेल्या चार मराठी घरांत आळीपाळीनं पिठलं-भात होतो. काम विचाराल तर दवाखान्यातल्या यंत्रांचे स्क्रीन कसे असावेत ते ठरवायचं. कुठलं बटण कुठे, केवढं, कुठल्या रंगाचं, दाबल्यावर काय व्हावं. नर्सबाईचे हात भरलेले असतात, डोळ्यांवर झोप असते, पलीकडे पेशंट विव्हळत असतो. अशा वेळी तिला विचार न करता बटण सापडलं पाहिजे. आमच्या धंद्यात त्याला इन्ट्युटिव्ह म्हणतात. आमच्या विंचूरच्या भाषेत सांगायचं तर, हातात घेतलं की जमलं. नव्या पोरांना मी दरवेळी एकच गोष्ट सांगते, युजरला शिकवावं लागलं तर चूक युजरची नाही, आपली. हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की ते मला समजलंय असं मला वाटायला लागलं होतं.

आता जळण्याची गोष्ट. माझ्या जागी तुम्हीही जळला असतात, असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. माझा स्वभावच तसा आहे. आई म्हणायची, "शीतलला आधी भावाच्या वाटीत किती खीर हाय ते बघायचं असतं, मग आपली खायची."

मी गेले आणि चार महिन्यांत योगेशचं लग्न झालं. नव्या नोकरीत सुट्टी मिळाली नाही, मी ते मोबाइलवर पाहिलं. मुलगी सटाण्याकडची, नाव पूनम. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, घरात बाई नव्हती. ही आली आणि माझी खोली तिला मिळाली, माझं लोखंडी कपाट मिळालं, आईनं शिवलेली गोधडी मिळाली. रीतसरच होतं सगळं. तरी पहिल्यांदा घरी आले तेव्हा कपाट उघडून तिच्या साड्या पाहिल्या आणि मला वाटलं, हिला कुणी विचारलं? कपाटाला माझं शाळेतलं चिमणीचं स्टिकर अजून चिकटलेलं होतं. ते तिनं काढलं नव्हतं, याचाही मला रागच आला.

मी फोन केला की तात्या दोन मिनिटं बोलायचे. "बरं हाय. पाऊस हाय. पूनमशी बोल." की फोन तिच्याकडे. मागं रस्त्यावरून कांद्याचे ट्रॅक्टर जात असायचे आणि ही मला माझ्याच घराच्या बातम्या द्यायची. तात्यांचे गुडघे, तात्यांची नवी चप्पल, आज तात्या इतके हसले म्हणून. हसले? कशावर? मला त्यांचं हसणं आठवत नव्हतं.

शुक्रवारच्या पिठल्याला आमच्या इथल्या बायका कुरकुरायच्या. दर फोनला आई विचारते गं, कधी येतेस, कधी येतेस, वैताग आलाय नुसता. मी मान डोलवायची आणि आतून त्यांच्यावरही जळायची. मला तात्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, कधी येतेस. मी आले तरी बरं, गेले तरी बरं. पूनम माहेरी गेली की मात्र तिसऱ्या दिवशी योगेशला म्हणायचे, जा, घेऊन ये तिला. हे मला पूनमनंच हसत हसत सांगितलं होतं. तिला त्यात सांगण्यासारखं वाटलं, मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तात्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं, "त्यांना ऐकू येतं, कळतंही बरंचसं. शब्द तेवढे बाहेर येत नाहीत." ज्यांच्या हाकेला बाजारात बैल मान वळवायचे ते तात्या नुसतं "अं, अं" करत छताकडे बघत होते. मी दोन आठवडे राहिले, मग रजा संपली. परतीच्या विमानात बसल्या बसल्या मी वही काढली आणि चित्रं काढायला लागले.

कारण हे तर माझंच काम होतं. एक माणूस आहे, त्याला काही सांगायचंय, शब्द नाहीत, एक हात चालतो. सगळ्या घरात हे कोडं सोडवू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते मी होते. खरं सांगते, मला आनंद झाला. पूनम त्यांना भरवेल, पुसेल, कूस बदलेल, पण तात्यांना बोलतं करणार मी. चार महिने ऑफिस सुटल्यावर मी ते ॲप केलं. झटक्यानंतर उजवीकडचं नीट लक्षात येत नाही म्हणून सगळी चित्रं डावीकडे. बोट थरथरलं किंवा जास्त वेळ दाबलं गेलं तरी चालेल अशी सोय. पाणी, चहा, दुखतंय, संडास, उकडतंय, थंडी. चित्र दाबलं की टॅबलेट बोलणार. तिकडच्या एका वृद्धाश्रमात अशाच पाच आजोबांपुढे ठेवून पाहिलं, पाचही जणांना न शिकवता जमलं. एका आजोबांनी तर माझ्या हाताची पापी घेतली. थंडीत तीन आठवड्यांची रजा काढून मी टॅबलेट घेऊन विंचूरला आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

पहिल्या दिवशी तात्यांनी पाणी दाबलं. म्हणजे खरं तर त्यांचं बोट धरून मीच दाबलं. टॅबलेट म्हणाला, "मला पाणी हवे आहे." बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज. तात्या दचकले. त्या माणसानं जन्मात कधी 'हवे आहे' म्हटलं नव्हतं. 'पाणी आण' म्हणायचे, नाहीतर नुसता तांब्या वाजवायचे. मी मनात नोंद केली, आवाज बदलायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी टॅबलेटला बोटही लावलं नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातले त्यांचे चार जुने सोबती भेटायला आले, आणि मला हौस दाखवायची. म्हटलं, "तात्या, दाखवा की यांना." तात्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग, माझं मन राखायला असेल, बोट पुढं केलं. भरल्या ओसरीत ती बाई खणखणीत म्हणाली, "मला शौचास जायचे आहे."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चौघांनी माना खाली घातल्या, एकानं उगाच चप्पल सरळ केली. तात्यांनी डाव्या हातानं टॅबलेट उलटा केला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेवढ्यात पूनम चहा घेऊन आली. तिनं कप खाली ठेवले, खाटेच्या कडेला बसली, तात्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून त्यांच्या डाव्या हातावर पसरलं आणि आपला हात खाली घातला. जरा वेळानं उठली आणि पाहुण्यांना म्हणाली, "काका, तुम्ही चहा घेऊन जरा बाहेर उन्हात बसा. तात्यांना पडायचंय थोडं." ते गेल्यावर तिनं दार लोटलं आणि योगेशला हाक मारली. तात्यांना खरंच जायचं होतं. टॅबलेट खरंच बोलला होता, पण चार माणसांत बोलला होता. हिनं तेच विचारून घेतलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना सांगते. तिथं बैलाचा भाव तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर उपरणं टाकतात आणि खाली बोटं बोलतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. दोन म्हणजे नेमके किती, हे बैलाकडे बघून दोघांनाही कळलेलं असतं, ते कुणी सांगत नाही. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. तात्यांचा सगळा जन्म यात गेला. मला हे ऐकून माहीत होतं, माझ्या बोटांना माहीत नव्हतं. योगेशला ते बाजारात न्यायचे. मी हट्ट केला की आई म्हणायची, "बैलबाजारात पोरींचं काय काम?" पूनमला मात्र तिचा मामा न्यायचा. तो तिकडं सटाण्याकडे याच धंद्यात होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारलं, हे कधीपासून? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "दवाखान्यातून घरी आणलं ना ताई, त्याच आठवड्यात. चादरीखाली त्यांनी माझं बोट धरलं. आधी वाटलं, सहज धरलं असंल. मग मामाची आठवण झाली. एक धरलं, मी पाणी दिलं, त्यांनी मान हलवली. दोन धरली, चहा. तीन म्हणजे उठवायचं. चार म्हणजे दुखतंय."

"आणि पाच?"

"पाच म्हणजे काही नको. नुसतं बस."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही किती हौसेनं फोनवर सांगायच्या त्या मशिनीचं. मला वाटलं, ताईंचं आलं की तेच चांगलं असंल. आपलं काय, असंच शे." सटाण्याचं 'शे', म्हणजे आपलं 'हाय', तिच्या तोंडून अजून मधूनच निसटतं. तिनं भाकरी उलटली आणि मला विचारलं, "तुम्हाला कडक देऊ का मऊ?"

माझा जो जळफळाट झाला तो कसा सांगू. चार महिने, पाच डच आजोबा, रंगांच्या सतरा छटा, आणि इकडं हिनं एका चादरीखाली आठवड्यात सगळं उरकलेलं. शिकवणं नाही, चार्ज करणं नाही, अंधारात चालतं, आणि माणसाची अब्रू झाकलेली राहते. मी 'हातात घेतलं की जमलं' म्हणत देशोदेशी फिरले आणि ज्या हातात काय जमलेलं आहे ते मला माहीत असायला हवं होतं तो माझ्या बापाचा हात होता. मला मेलीला ते आठवलं नाही. आठवलं परक्या घरातून आलेल्या पोरीला.

मग मी काय केलं ऐका. मी पूनमची परीक्षा घेतली. ऑफिसात घेते तशीच, वही घेऊन कोपऱ्यात बसले, दिवसभर. तात्यांनी काय धरलं, हिनं काय दिलं, कितीदा चुकली. एकदा चुकली. दोन बोटांना तिनं पाणी आणलं, कारण तात्यांचा चहा नुकताच झाला होता. तात्यांनी पुन्हा दोन धरली, जोरात. ती म्हणाली, "लय झाला चहा आता, डॉक्टर मला बोलतील," आणि तात्या हसले. तोंड एका बाजूनंच हलतं, पण हसले, पोट हलवून. मी वहीत लिहिलं, चूक एक.

ती शेजारी गेली तेव्हा मी तिच्या जागेवर बसले. उपरणं पसरलं, हात खाली घातला. तात्यांनी हात काढला नाही, पण एकही बोट हललं नाही. मी वाट पाहिली. विचारलं, "तात्या, पाणी? चहा?" त्यांनी डोळे मिटून घेतले. पूनम परत आली, मी उठले, तिनं हात घातला आणि बसल्या बसल्या म्हणाली, "चहा पाहिजे म्हणे." म्हणे!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते उपरणं वॉशिंग मशीनमध्ये टाकलं. कपाटातली बाकीची दोनही टाकली. मळली होती म्हणून नाही. एक दिवस उपरणं नसलं तर तात्या टॅबलेटकडे वळतील, असं माझ्या मनात होतं. माणसाची सोयीची वाट गुपचूप बंद करायची आणि आपल्याला हव्या त्या बटणाकडे त्याला हाकलायचं, याला आमच्या धंद्यात डार्क पॅटर्न म्हणतात आणि करणाऱ्याला आम्ही नावं ठेवतो. मी त्यावर भाषण दिलंय, लोकांनी टाळ्या वाजवल्यात.

दहाच्या सुमारास तात्या चुळबुळायला लागले. डावा हात खांद्याकडे जायचा, उपरणं नाही म्हणून परत यायचा. मी टॅबलेट पुढं धरला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी नुसता हात पुढं केला, तर उघड्यावर बोटं धरायला तयार नाहीत. कपाळावर घाम आला होता. पूनम अंगणातून आली. तिनं दोरीवरच्या तीन ओल्या उपरण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाटेवर बसून साडीचा पदर पुढं ओढला आणि त्यांच्या हातावर टाकला. सासऱ्याचा हात सुनेच्या पदराखाली. झटक्याआधी गावात कुणी पाहिलं असतं तर काय काय बोलले असते. तिला त्याचं काही नव्हतं. तात्यांनी घाईघाईनं चार बोटं धरली. कंबर आखडली होती. तिनं त्यांना कुशीवर केलं, पाठ चोळली, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. बापाच्या दुखण्यासाठी रडले असं लिहायला बरं दिसलं असतं, पण मी जळून रडले.

दुपारी ती गच्चीवर उपरण्यांच्या घड्या घालत होती. मी जाऊन बसले. म्हटलं, "मी मुद्दाम धुतली."

"माहीत हे," ती म्हणाली. एक घडी झाली, दुसरी झाली. मग म्हणाली, "ताई, तात्या तुमची बोटं का धरत नाहीत, माहीत हे का?"

"तुझ्यावर जीव आहे म्हणून." माझ्या तोंडून फटकन गेलं.

ती हसली नाही. "तुम्ही स्टँडवर हात काढून घेतला होता."

कुठलं स्टँड, तेच मला आधी कळेना. मग कळलं, आणि मी तिथंच गच्चीच्या कठड्याला टेकले. तिनं सावकाश सांगितलं. ती नवी नवरी असताना, एका दुपारी, तात्यांनीच तिला सांगितलं होतं. 'दोन वर्षं धरली होती मी. दोन वर्षं कर आन ये. पोरीनं हात काढून घेतला.' बाजारात हात काढून घेतला म्हणजे सौदा मोडला. त्यावर बोलायचं नसतं, राग धरायचा नसतो, उपरणं झटकून खांद्यावर टाकायचं आणि बाजूला व्हायचं.

"मग परत विचारायचं ना," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "अकरा वर्षं झाली."

"दलाल परत हात पुढं करत नाही, ताई. ज्यानं काढला त्यानंच घालायचा असतो."

"घातला की मी काल."

"घातला, पण काही धरलं का? नुसता हात ठेवून बसल्या. आकडा तुम्ही बोलायचा होता."

म्हणजे मी ज्या प्रश्नासाठी अकरा वर्षं जळत होते तो बस सुटायच्या आधीच विचारून झाला होता. त्यांनाही वाटलं असेल, यात शिकवायचं काय, हातात घेतलं की पोरीला कळेल. चूक कुणाची, मी ठरवायला गेले नाही. मी पूनमला विचारलं, हे तू मला इतकी वर्षं का सांगितलं नाहीस?

तिनं उरलेलं उपरणं मांडीवर घेतलं, घडी घातली नाही. "तुमचं नाव निघालं की तात्या ताठ बसायचे. माझी लेक तिकडं दवाखान्याच्या मशिनी करती, असं अख्ख्या बाजाराला सांगायचे. मी दिवसभर करायची आणि नाव तुमचं. मग मला वाटायचं, ऱ्हाऊ दे, एवढं एक मलाच माहीत हे." आणि ते उपरणं तिनं माझ्या हातात दिलं.

मी खाली आले. तात्या जागे होते, दारातून ओसरीत ऊन आलं होतं. मी खाटेवर बसले, त्यांच्या डाव्या हातावर उपरणं टाकलं, खाली हात घातला आणि त्यांची दोन बोटं धरली. दाबली.

तात्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रडतील. कसले रडतात. चेहरा बाजारातल्यासारखा कोरा केला, जणू समोरचं जनावर आपल्याला फारसं पसंत नाही. मग माझ्या हातातून आपली बोटं सोडवून घेतली आणि माझं एक बोट धरलं.

एक. मी पुन्हा दोन धरली. तात्यांनी हात सैल सोडला आणि हळूहळू मागं घ्यायला लागले. हे दलालाचं निघून जायचं सोंग असतं, एवढं मी लहानपणी बाजाराच्या कुंपणाबाहेरून पाहिलं होतं. मी हात सोडला नाही. तसाच धरून बसले, त्यांनी ओढला तेवढं पुढं सरकले. मग उपरण्याखाली आमचं बरंच चाललं. कुणी किती धरली, कुणी किती सोडली, कुठल्या बोटाच्या कुठल्या पेरावर आलं. शेवटी त्यांनी माझा सगळा पंजा आपल्या हातात घेतला आणि दोनदा दाबला, आणि तो ठरल्याचा दाब आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

पूनम दारात उभी होती, हातात चहा. "काय ठरलं, ताई?"

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या भिंतीकडे बघत होते, आपल्याला काहीच ठाऊक नाही असे. मी उपरणं झटकलं आणि त्यांच्या खांद्यावर ठेवलं. म्हटलं, "काही नाही." पूनमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. अकरा वर्षं तेच तोंड घेऊन मी फिरले होते.

मी उट्रेख्तला परत आलेय. टॅबलेट योगेशच्या मुलाला दिला, तो त्यावर गाड्या उडवतो. परवाच्या शुक्रवारी पिठल्यावर विषय निघाला, तिकडचं घर अजून आपलं राहिलंय का. कुणी म्हणालं सातबाऱ्यावर नाव आहे तोवर, कुणी म्हणालं आई आहे तोवर. मी उजव्या हाताचं बोट चोळत बसले. इथं व्हिडिओ कॉलवर तात्यांचा हात दिसतो, धरता येत नाही, आणि त्यासाठी स्क्रीन बनवायच्या भानगडीत मी पडलेले नाही.

पूनम, तू हे वाचशील आणि आकडा शोधशील, मला माहीत आहे. तो मी इथं लिहिलेला नाही. तात्यांना विचारू नकोस, ते सांगायचे नाहीत. खोली तुझी, कपाट तुझं, आईची गोधडी तुझी, तात्यांचं रोजचं हसणंही तुझं, त्यावर मी अजूनही जळते आणि जळणार. पण तो एक आकडा माझा आहे. माझं घर आता तेवढंच आहे, आणि मी हात काढलेला नाही.